देवमाशाचे साक्षीदार

मराठीत ज्याला देवमासा म्हणतात तो प्रत्यक्षात मासा नाही, हे शालेय पुस्तकांमुळे बहुतेकांना ठाऊक असते. मात्र या एका वस्तुस्थितीतून त्याच्या जगण्यामरण्याचे किती प्रश्न निघतात, याचा विचार क्वचितच होतो. देवमासा सस्तन प्राणी आहे. त्याला कल्ले नसून फुप्फुसे असतात, त्यामुळे ठरावीक वेळाने पाण्याच्या पृष्ठभागावर येऊन डोक्यावरील श्वासरंध्रातून हवा घेतल्याशिवाय तो जगू शकत नाही, आणि एखाद्या जाळ्याने त्याला पाण्याखाली धरून ठेवले तर समुद्रातच जन्मलेला हा प्राणी समुद्रातच गुदमरून मरतो. शिवाय मासे लाखोंनी अंडी घालतात, तर देवमाशाच्या मादीला साधारण वर्षभराच्या गर्भावधीनंतर एकच पिल्लू होते, ती त्याला महिनोन्‌महिने दूध पाजते आणि पुढच्या पिल्लासाठी बहुधा दोन-तीन वर्षे जावी लागतात. म्हणूनच ज्या समुद्रात देवमासे मोजकेच उरले आहेत, तेथे एका मादीचा मृत्यूही सगळ्या समूहाला जाणवण्याइतका मोठा असतो. महाराष्ट्र, गोवा आणि गुजरात यांच्या किनाऱ्याला लागून असलेला अरबी समुद्र नेमका असा समुद्र आहे.

या समुद्रात निळा देवमासा, ब्राइड देवमासा आणि स्पर्म व्हेल अशा अनेक जाती आढळतात, परंतु संवर्धनाच्या दृष्टीने सर्वांत नाजूक स्थिती हंपबॅक देवमाशाची आहे. बुडी घेताना त्याच्या पाठीला जो बाक येतो त्यावरून त्याला हे इंग्रजी नाव मिळाले. जगातील इतर समुद्रांतले हंपबॅक देवमासे उन्हाळ्यात ध्रुवांजवळच्या थंड पाण्यात पोटभर खातात आणि हिवाळ्यात हजारो किलोमीटर पोहून उष्ण पाण्यात वीण करण्यासाठी येतात. अरबी समुद्रातील समूह मात्र ही यात्रा करत नाही आणि वर्षभर याच समुद्रात राहतो. त्याचे कारण मोसमी वाऱ्यांत आहे. कोकणात जो नैर्ऋत्य मोसमी वारा पाऊस आणतो, तोच ओमान आणि येमेनच्या किनाऱ्यालगत पृष्ठभागावरील पाणी दूर लोटतो, त्या जागी खोलातले थंड आणि पोषक द्रव्यांनी भरलेले पाणी वर येते, त्यावर सूक्ष्म वनस्पती व प्राणी यांची म्हणजे प्लवकांची भरभराट होते, प्लवकांवर तारलीसारखे मासे वाढतात आणि देवमाशांना घर न सोडता अन्न मिळते. जनुकीय अभ्यासानुसार हा समूह इतर हंपबॅक देवमाशांपासून सुमारे ७० हजार वर्षे अलग राहिला आहे, म्हणजे तो नाहीसा झाला तर दुसऱ्या समुद्रातील देवमासे येऊन त्याची जागा भरण्याची आशा जवळजवळ नाही.

हा समूह इतका लहान का, या प्रश्नाच्या उत्तराचा एक मोठा भाग विसाव्या शतकातील शिकारीत सापडतो. सोव्हिएत संघाच्या देवमासे मारणाऱ्या जहाजांच्या ताफ्यांनी १९६० च्या दशकाच्या मध्यास ओमान, पाकिस्तान आणि वायव्य भारत यांच्या जवळच्या पाण्यात २४२ हंपबॅक देवमासे मारले. ही शिकार आंतरराष्ट्रीय नियमांविरुद्ध होती आणि तिच्या खऱ्या नोंदी १९९० च्या दशकापर्यंत जगापासून दडवून ठेवल्या गेल्या. त्या नोंदी उघड झाल्यावर असे दिसले की मारलेल्या प्राण्यांच्या पोटात ताजे अन्न होते आणि माद्यांच्या गर्भांची वाढही उत्तर गोलार्धातील ऋतुचक्राशी जुळणारी होती. हे देवमासे याच समुद्रात खातात आणि याच समुद्रात वितात, याचा भक्कम पुरावा अशा रीतीने त्यांच्याच कत्तलीच्या दप्तरातून हाती आला.

पुढे ओमानमध्ये देवमाशांची मोजदाद सुरू झाली ती छायाचित्रांच्या साहाय्याने. हंपबॅक देवमासा खोल बुडी घेतो तेव्हा त्याची शेपटी क्षणभर पाण्याबाहेर उभी राहते आणि तिच्या खालच्या बाजूचे काळे-पांढरे पट्टे, ओरखडे आणि कडेची दातेरी खाचखूण दिसते. माणसाच्या अंगठ्याच्या ठशाप्रमाणे ही रचना प्रत्येक देवमाशाची निराळी असते. एकाच शेपटीचे छायाचित्र किती वेळा पुन्हा मिळते यावरून एकूण संख्येचा अंदाज बांधता येतो, आणि जियाना मिंटन व त्यांच्या सहकाऱ्यांनी ओमानच्या पाण्यातील छायाचित्रांवरून काढलेला तो अंदाज केवळ ८२ देवमाशांचा होता. त्याच छायाचित्रांतून आणखी एक गोष्ट पुढे आली: शेपटीच्या देठाजवळ जाळ्याच्या दोरांचे व्रण असलेल्या देवमाशांचे प्रमाण ३० ते ४० टक्के होते. आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाने, म्हणजे संकटग्रस्त जातींची लाल यादी तयार करणाऱ्या संस्थेने, २००८ मध्ये या समूहाची स्वतंत्रपणे ‘संकटग्रस्त’ अशी नोंद केली.

या कहाणीशी भारताचा संबंध किती निकटचा आहे हे २०१७ मध्ये स्पष्ट झाले. त्या वर्षी नोव्हेंबरात ओमानच्या किनाऱ्याजवळ एका मादीच्या पाठीवर उपग्रहाला संदेश पाठवणारे छोटे यंत्र बसवण्यात आले. तिच्या शेपटीवरील खूण धुपाच्या झाडासारखी दिसत असल्यामुळे तिचे नाव ‘लुबान’ ठेवले होते, जो मराठीतील लोबानाचाच अरबी शब्द आहे. लुबान अरबी समुद्र ओलांडून गोव्याजवळच्या पाण्यात आली, तेथून दक्षिणेकडे कन्याकुमारीपर्यंत गेली आणि पुढे परत ओमानकडे वळली. ओमानचे देवमासे भारताच्या किनाऱ्यावर येतात, हे त्यापूर्वी कोणी असे प्रत्यक्ष टिपले नव्हते. गोव्याच्या किनाऱ्याजवळ पाण्याखाली ठेवलेल्या ध्वनिग्राहक यंत्रांनीही हंपबॅक नराचे गाणे टिपले आहे. गाणे म्हणजे ठरावीक स्वररचना पुन्हा पुन्हा आळवणारे त्याचे दीर्घ आवाज.

येथे संवर्धनाची खरी अडचण सुरू होते. समुद्राचा विस्तार अफाट, देवमासे मोजके आणि संशोधकांच्या नौकांचे दिवस त्याहून मोजके, अशा परिस्थितीत शास्त्रज्ञांच्या दृष्टीस पडणारा देवमासा हा अपवादच असतो. मच्छीमार मात्र पावसाळ्यातील बंदीचा काळ सोडला तर जवळजवळ रोज समुद्रावर असतो, आणि देवमाशाला सर्वाधिक धोका ज्या जाळ्याचा असतो ते जाळेही त्याच्याच हातात असते. देवमाशाचा सर्वांत चांगला साक्षीदार आणि त्याच्या अपघाती मृत्यूला नकळत कारण होणारा माणूस एकच असल्यामुळे संवर्धनाचे यश एकाच गोष्टीवर ठरते: जाळ्यात काय सापडले हे सांगण्याची त्या माणसाला भीती वाटते की विश्वास. भीती वाटली तर मेलेला प्राणी रात्रीच समुद्रात सोडला जातो आणि त्याबरोबर त्याची नोंदही बुडते.

या प्रश्नाचे एक उत्तर पाकिस्तानच्या किनाऱ्यावर सापडले. तेथे जागतिक वन्यजीव निधीच्या शाखेने २०१२ पासून गिलनेटने मासेमारी करणाऱ्या बोटींच्या तांडेलांनाच, म्हणजे बोटींच्या प्रमुखांनाच, निरीक्षक म्हणून प्रशिक्षण दिले. गिलनेट म्हणजे पाण्यात पडद्यासारखे उभे सोडलेले जाळे, ज्याच्या छिद्रांत माशांचे कल्ले अडकतात आणि ज्यात डॉल्फिन, कासवे व देवमासेही गुरफटतात. तांडेलांनी दिसलेल्या व सापडलेल्या प्राण्यांच्या नोंदी ठेवल्या, छायाचित्रे काढली, कासवे सोडवली, आणि ज्या पाण्यातून देवमाशांची माहिती जवळपास मिळतच नव्हती तेथून ती नियमित येऊ लागली. याच उपक्रमात जाळ्याची वरची कड पृष्ठभागाऐवजी सुमारे दोन मीटर खाली सोडून पाहिली गेली. त्यामुळे श्वासासाठी वर येणाऱ्या प्राण्यांना मोकळी वाट राहिली आणि डॉल्फिन अडकण्याचे प्रमाण लक्षणीय घटले. इतका साधा बदल टिकला, कारण तो बोटीवरच्या माणसांच्या हातून आणि त्यांच्या संमतीने झाला.

कोकणात याच दिशेने काम झाले ते सिंधुदुर्गात. दीपानी सुतारिया यांच्या मार्गदर्शनाखाली केतकी जोग, मिहीर सुळे, ईशा बोपर्डीकर आदी तरुण संशोधकांच्या ‘कोकण सिटेशियन रिसर्च टीम’ने तेथील डॉल्फिन आणि देवमाशांचा अभ्यास केला. सिटेशियन म्हणजे देवमासे, डॉल्फिन आणि त्यांचे जवळचे आप्त असलेल्या सस्तन प्राण्यांचा गण. या गटाने होडीतून सर्वेक्षण करतानाच गावोगावच्या मच्छीमारांच्या मुलाखती घेतल्या आणि त्यांचे अनुभवसिद्ध ज्ञान शास्त्रीय पुराव्याच्या बरोबरीने मांडले. डॉल्फिन जाळी फाडतात आणि मासळी पळवतात ही मच्छीमारांची तक्रार त्यांनी अडाणीपणा म्हणून झटकली नाही, तर संवर्धनाच्या प्रश्नाचाच एक भाग म्हणून नोंदवली. समाजातील सागरी शिक्षण असे दुहेरी असावे लागते. किनाऱ्यावर जाऊन केवळ भाषण देणाऱ्याला फार थोडे ऐकू येते.

लोकशिक्षणाचे सर्वांत यशस्वी भारतीय उदाहरण गुजरातमधील आहे, जरी तेथील प्राणी देवमासा नसून व्हेल शार्क म्हणजे जगातील सर्वांत मोठा मासा आहे. वेरावळ, मांगरोळ, सुत्रापाडा या भागांत यकृतातील तेल आणि मांसासाठी त्याची मोठी शिकार होत असे. माइक पांडे यांच्या माहितीपटाने ती कत्तल लोकांसमोर आणली आणि २००१ मध्ये व्हेल शार्कला वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत स्थान मिळाले. केवळ कायद्याने मन वळत नाही हे ओळखून वाइल्डलाइफ ट्रस्ट ऑफ इंडिया, गुजरात वन विभाग आणि टाटा केमिकल्स यांनी २००४ मध्ये मोहीम हाती घेतली, आणि कथाकार मोरारी बापूंनी तिला एक रूपक दिले: हा मासा म्हणजे बाळंतपणासाठी माहेरी आलेली लेक. शिकारीत दोराला बांधल्या जाणाऱ्या पिंपांवरून मच्छीमार ज्याला ‘बॅरल’ म्हणत, तो ‘व्हाली’ म्हणजे लाडकी झाला. गावांत याच कल्पनेवर पथनाट्ये झाली, फाटलेल्या जाळ्यांची भरपाई मिळू लागली, सुटकेची छायाचित्रे काढण्यासाठी मच्छीमारांच्या हाती कॅमेरे दिले गेले, आणि आजवर ९०० हून अधिक व्हेल शार्क जाळी कापून सोडले गेले आहेत. जाळे कापणे म्हणजे स्वतःच्या उपजीविकेवर कात्री चालवणे असते, आणि त्या कृतीमागे भावना जितकी होती तितकीच भरपाईची खात्रीही होती.

महाराष्ट्रानेही डिसेंबर २०१८ मध्ये अशी योजना सुरू केली. संरक्षित सागरी प्राणी जाळ्यात अडकल्यास जाळे कापून त्याची सुटका करणाऱ्या मच्छीमाराला, छायाचित्र किंवा चित्रफितीच्या पुराव्यावर, २५ हजार रुपयांपर्यंत भरपाई मिळते आणि तिच्या अंमलबजावणीत वन विभागाच्या कांदळवन कक्षाचा व मत्स्यव्यवसाय विभागाचा सहभाग असतो. अशा प्रत्येक अर्जासोबत प्राण्याची जात, जागा आणि दिवस यांची माहिती आपोआप जमा होते. म्हणजे भरपाईची रक्कम हे त्या माहितीचेही मोल ठरते.

देवमासा किनाऱ्याला लागतो तेव्हा या शिक्षणाची कठोर परीक्षा होते. जून २०१५ मध्ये रेवदंड्याजवळ सुमारे ४२ फुटी निळा देवमासा किनाऱ्याला लागून मरण पावला, आणि नोव्हेंबर २०२३ मध्ये गणपतीपुळ्याच्या वाळूत रुतलेल्या सुमारे २० फुटी पिल्लासाठी ग्रामस्थ, वन कर्मचारी आणि पशुवैद्य यांनी दिवसरात्र धडपड केली, त्याला खोल पाण्यात नेण्यातही आले, तरी ते वाचले नाही. पाण्याबाहेर देवमाशाचे स्वतःचेच वजन त्याच्या फुप्फुसांवर आणि अवयवांवर दाब देते, उन्हाने त्वचा भाजते आणि जाड चरबीमुळे शरीरातील उष्णता बाहेर पडत नाही. म्हणून अंगावर ओले कापड टाकावे, पाणी ओतत राहावे, पण श्वासरंध्रात पाणी जाऊ देऊ नये. शेपटीला दोर बांधून ओढू नये. गर्दी आणि गोंगाट दूर ठेवावा आणि वन विभागाला तत्काळ कळवावे. केंद्र सरकारने जानेवारी २०२१ मध्ये अशा प्रसंगांसाठी मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध केल्या आहेत, परंतु तज्ज्ञ येईपर्यंतचे पहिले काही तास गावकऱ्यांच्याच हाती असतात, आणि त्या तासांत शाळेत शिकलेले एक साधे वाक्यही उपयोगी पडते.

शिकवण्यासारखी आणखी एक गोष्ट अंबरची आहे. ‘व्हेलची उलटी’ म्हणून कोट्यवधी रुपयांच्या अफवांसह चर्चिला जाणारा हा पदार्थ स्पर्म व्हेलच्या आतड्यात, त्याने खाल्लेल्या माकुळांच्या न पचलेल्या कठीण चोचींभोवती तयार होतो. स्पर्म व्हेल संरक्षित असल्यामुळे भारतात अंबर बाळगणे आणि विकणे हा गुन्हा आहे. तरीही झटपट श्रीमंतीच्या आमिषाने किनाऱ्यावरील तरुण या व्यवहारात ओढले जातात आणि तुरुंगात जातात. हे त्यांना वेळीच समजावणे हे देवमाशाचे रक्षण आहेच, त्या मुलांचेही आहे.

वलसाड जिल्ह्यातील मगोद डुंगरी येथे मच्छीमारांच्या पूर्वजांनी किनाऱ्याला लागलेल्या देवमाशाची हाडे मंदिरात ठेवली आणि ती आजही पुजली जातात. मराठीनेही या प्राण्याच्या नावातच ‘देव’ जोडला आहे. आदर किनाऱ्यावर पूर्वीपासून आहे. त्याला माहितीची, भरपाईची आणि विश्वासाची जोड देणे एवढेच काम उरते, आणि तेच दीर्घकाळ चालणारे काम आहे. मालवणच्या किंवा हर्णैच्या एखाद्या तांडेलाने पहाटेच्या उजेडात पाण्याबाहेर उभ्या राहिलेल्या शेपटीचे छायाचित्र मोबाइलवर काढले आणि न घाबरता बंदरावर दाखवले, तर ते ओमानमध्ये जपलेल्या छायाचित्रांशी ताडून पाहता येते. त्या शेपटीवर धुपाच्या झाडाची खूण निघाली, तर लुबान पुन्हा या किनाऱ्यावर आली होती हे जगाला त्या तांडेलाकडूनच कळेल.