दहा बाय पाचचा तुकडा

सोयाबीनच्या शेतात चार खुंट्या ठोकून सुतळी ताणली की दहा मीटर लांब आणि पाच मीटर रुंद असा तुकडा वेगळा पडतो. त्यातले पीक कापायचे, ताडपत्रीवर मळायचे, उफणायचे आणि तोलायचे. पन्नास चौरस मीटर म्हणजे हेक्टरचा दोनशेवा भाग. त्यामुळे काट्यावरच्या वजनाला दोनशेने गुणले की हेक्टरी उत्पन्न हाती येते. तुकड्यात एक किलो जास्त भरला, तर कागदावर हेक्टरी दोन क्विंटल वाढतात.

याला सरकारी भाषेत पीक कापणी प्रयोग म्हणतात. राज्यात धान्य किती पिकले, गावाची अंतिम पैसेवारी (पूर्ण पीक म्हणजे रुपया, त्या मानाने यंदा किती पैसे) किती आणि पीक विम्याची भरपाई मिळणार की नाही, या तिन्ही प्रश्नांची उत्तरे शेवटी या तुकड्यापाशी येऊन थांबतात. वाद मात्र आकड्यांवर होतात. तुकड्याकडे फारसे कोणी पाहत नाही.

तुकडा येण्याआधी नजर होती. सोळा आणे म्हणजे पूर्ण पीक, त्या मानाने यंदा किती आणे, असा अंदाज गावचा आणि तालुक्याचा महसुली अधिकारी बांधावरून बांधत असे. हीच आणेवारी. मुंबई इलाख्याच्या नियमांप्रमाणे पीक चार आणे किंवा त्याहून कमी असेल, तर त्या वर्षीची सारावसुली पूर्ण तहकूब करण्याची मागणी शेतकऱ्याला करता येई. म्हणजे जो सारा वसूल करणार, तोच पीक किती आले हेही ठरवणार! 1918 चा गुजरातमधला, गांधीजींचा खेडा सत्याग्रह नेमका यावरून पेटला. सरकार म्हणत होते, पीक चार आण्यांच्या वर आहे. शेतकरी म्हणत होते, खाली आहे. पुण्यात मुख्यालय असलेल्या भारत सेवक समाजाचे अमृतलाल ठक्कर यांनी गांधीजींच्या आधीच तिथल्या परिस्थितीची चौकशी केली होती. त्या लढ्याच्या मुळाशी स्वराज्याच्या मोठ्या गोष्टींबरोबर हा साधा प्रश्नही होता: पीक मोजायचे कोणी आणि कसे?

‘कसे’चे उत्तर शोधणाऱ्यांत पहिले नाव घ्यावे लागते जॉन हबॅक या सनदी अधिकाऱ्याचे. 1920 च्या दशकात त्यांनी बिहार आणि ओरिसात भाताच्या शेतांतून छोटे छोटे तुकडे चिठ्ठ्या टाकल्यासारखे निवडून कापले. चांगले शेत पाहून निवडायचे नाही, वाईटही पाहून नाही. नशिबाने येईल ते घ्यायचे. सरकारी कामात अधिकाऱ्याने आपली अक्कल बाजूला ठेवणे हीच पद्धत ठरावी, हे त्या काळी पचनी पडणे सोपे नव्हते. आजही ते सोपे नाही.

पुढे बंगालमध्ये प्रशांतचंद्र महालनोबीस यांनी तागाच्या आणि भाताच्या पाहण्या केल्या. त्यांचा कल अगदी लहान तुकड्यांकडे होता. तुकडे लहान असले की थोड्या वेळात पुष्कळ जागी कापता येतात. त्याच सुमारास दिल्लीत कृषी संशोधन परिषदेच्या सांख्यिकी विभागात पांडुरंग सुखात्मे होते. साताऱ्याकडच्या बुध गावचा जन्म, फर्ग्युसनमध्ये शिक्षण, मग लंडनला पीएच.डी. त्यांनी आणि वि. गो. पानसे यांनी मोठ्या तुकड्यांचा आग्रह धरला. पानसे यांचे काम कापसावरचे होते आणि 1940 च्या दशकाच्या सुरुवातीला वऱ्हाडात अकोल्याकडे कापसाची अशी पाहणी झाली. 1943 चा बंगालचा दुष्काळ ताजा होता. देशात धान्य किती आहे हे सरकारला धड सांगता येत नव्हते. त्यामुळे हा वाद निव्वळ पंडितांचा राहिला नाही.

सुखात्म्यांचा मुद्दा 1946 मध्ये ‘नेचर’ साप्ताहिकात छापून आला. लहान तुकडा उत्पन्न फुगवून दाखवतो. का? दोष कडेच्या रोपांचा. सुतळीवर उभे असलेले रोप आत धरायचे की बाहेर, हे कापणाऱ्याच्या हातात असते आणि हात सहसा आत ओढतो. एक मीटर बाय एक मीटरच्या चौकोनात एका चौरस मीटरमागे चार मीटर कडा येते; दहा बाय पाचच्या तुकड्यात एका चौरस मीटरमागे अवघी साठ सेंटिमीटर. कडा जितकी जास्त, तितका मोह जास्त. वाद पुष्कळ वर्षे चालला, पण देशभर जी पद्धत रुजली ती मोठ्या तुकड्याची. पुढे 1954 मध्ये पानसे-सुखात्मे यांचे शेतीच्या सांख्यिकीवरचे पुस्तक आले. कृषी महाविद्यालयांत शिकलेल्या कितीतरी पिढ्या त्याला नुसते ‘पानसे-सुखात्मे’ म्हणतात.

आता प्रत्यक्ष काम. गावाची निवड चिठ्ठीने होते, सर्व्हे किंवा गट नंबरही यादृच्छिक आकड्यांच्या तक्त्यावरून निघतो. शेतावर गेल्यावर नैऋत्य कोपऱ्यात उभे राहायचे, तक्त्यातल्या आकड्यांप्रमाणे लांबीकडे इतके आणि रुंदीकडे इतके अंतर चालायचे आणि तिथे पहिली खुंटी ठोकायची. पीक तिथे लोळलेले असो की मधोमध दगडाची रास असो, खुंटी हलवायची नाही. तुकडा काटकोनी निघाला की नाही हे कर्णावरून कळते: दोन्ही कर्ण 11.18 मीटर भरले पाहिजेत. हा आकडा ज्याला पाठ आहे, त्याने खरोखर काम केले आहे असे खुशाल समजावे. ओळींमधले अंतर जास्त असलेल्या पिकांना तुकडा याहून मोठा घेतात.

कापसाची तऱ्हा आणखी वेगळी. सोयाबीन एका दिवसात आवरते. कापूस वेचणीवेचणीने निघतो. पहिल्या वेचणीला आखलेला तुकडा शेवटच्या वेचणीपर्यंत जपायचा, दर वेळी जाऊन तोलायचे. मधल्या काळात मजुरांच्या टोळीला ‘तेवढा भाग सोडा’ असे बजावत राहावे लागते. वेचणीच्या दिवसांत मजुरीचे दर आणि मजुरांची टंचाई ज्याने पाहिली आहे, त्याला ही सूचना कितपत पाळली जात असेल हे वेगळे सांगायला नको.

हे काम तीन खात्यांत वाटलेले आहे: महसुलाचा तलाठी, कृषी खात्याचा कृषी सहायक आणि जिल्हा परिषदेकडून ग्रामसेवक. (गेल्या दोन-तीन वर्षांत या तिघांचीही पदनामे बदलली आहेत, गावात जुनीच चालतात.) प्रत्येकाच्या डोक्यावर आपल्या खात्याचे ओझे असतेच आणि त्यात पीक थांबत नाही. शेतकऱ्याचे हार्वेस्टर आज दारात उभे असेल आणि साहेब गुरुवारी येणार असतील, तर काय होते? आता मोबाइलच्या ॲपवर जागेच्या अक्षांश-रेखांशासह फोटो टाकावे लागतात. त्यामुळे कार्यालयात बसून भरलेले तक्ते कमी व्हायला मदत झाली. पण फोटोला ओलावा दिसत नाही.

ओलावा ही बारीक गोष्ट वाटते. पैशात मांडली की ती मोठी होते. 2016 च्या प्रधानमंत्री पीक विमा योजनेत मागच्या सात वर्षांतल्या चांगल्या पाच वर्षांची सरासरी काढतात, तिला जोखीमस्तराने (सरासरीचा किती भाग विम्यात धरायचा त्या टक्केवारीने) गुणतात आणि येते ते उंबरठा उत्पन्न; प्रत्यक्ष उत्पन्न त्याखाली गेले की भरपाई. समजा एका महसूल मंडळात (म्हणजे काही गावांच्या गटात) सोयाबीनचे उंबरठा उत्पन्न हेक्टरी 12 क्विंटल आहे आणि विमा संरक्षित रक्कम 50,000 रुपये. मंडळातल्या तुकड्यांत सरासरी साडेचार किलो भरले, तर उत्पन्न 9 क्विंटल, घट पंचवीस टक्के, भरपाई हेक्टरी 12,500. तेच सोयाबीन नीट न वाळवता तोलले आणि पाच किलो भरले, तर उत्पन्न 10 क्विंटल होते आणि भरपाई 8,300 च्या आसपास येते. अर्ध्या किलो पाण्याने मंडळातल्या प्रत्येक विमाधारकाचे हेक्टरी चार हजारांहून अधिक रुपये जातात. म्हणून नमुना वाळवून पुन्हा तोलण्याची आणि त्यातली घट हिशेबात धरण्याची पद्धत आहे. ही पायरी घाईत गाळली गेली, तर नंतर कुठलाही अर्ज ती भरून काढत नाही.

उलट्या बाजूनेही ओढ आहेच. तुकड्यापाशी विमा कंपनीचा प्रतिनिधी उभा असतो, त्याला वजन जास्त हवे. गावाला कमी हवे. पूर्वी सारा भरायचा म्हणून वजन कमी हवे होते, आता भरपाई मिळावी म्हणून. शंभर वर्षांत पैशाची दिशा फिरली, रस्सीखेच तशीच राहिली. त्यामुळे खुंटी कुठे ठोकायची हे तक्त्यातल्या आकड्यावर सोपवणे, हा माझ्या मते या सगळ्या व्यवस्थेतला सर्वांत शहाणा भाग आहे.

कच्चा भाग दुसरीकडे आहे. सुखात्मे-पानसे यांची पद्धत जिल्ह्याचे, राज्याचे उत्पन्न किती हे सांगण्यासाठी घडवलेली होती. तिथे शेकडो तुकड्यांची सरासरी असते, एकदोन तुकडे चुकले तरी आकडा फारसा ढळत नाही. विम्याने तीच पद्धत मंडळाच्या पातळीवर आणली. केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांत मंडळासाठी किमान दहा प्रयोग धरलेले आहेत. दहा तुकड्यांतले दोन नदीकाठच्या काळ्या जमिनीत पडले की मुरमाड माळावरच्यांचे नशीब ठरले. शिवाय सरासरीला कोणा एकाचे शेत दिसत नाही. ओढ्याने ज्याचे पीक नेले, त्याच्या शेजारच्या गावांत बरे पिकले असेल तर त्याच्या हाती काही लागत नाही.

2025 मध्ये महाराष्ट्राने एक रुपयात विम्याची योजना गुंडाळली आणि स्थानिक आपत्ती, हंगामातली प्रतिकूल परिस्थिती यांची वेगळी संरक्षणे काढून भरपाई कापणी प्रयोगांच्या उत्पन्नावरच ठेवली. आधीच्या योजनेत बोगस अर्जांचा सुळसुळाट झाला होता, हे खरे. पण त्याच सप्टेंबरात मराठवाड्यात शेते पाण्याखाली गेली. जिथे मातीच खरवडून गेली, तिथल्या शेतकऱ्याला मंडळाची सरासरी लागेपर्यंत थांबा म्हणणे हा हिशेब बरोबर असेल. धोरण म्हणून मला तो अपुरा वाटतो. तुकडा मोजायला चांगला आहे, नुकसान पाहायला नाही. ती दोन कामे पुन्हा वेगळी करायला हवीत.

दुष्काळाच्या बाबतीत असे वेगळे करणे झाले आहे. पैसेवारी आधी नजरेने, मग सुधारित आणि डिसेंबरात अंतिम, अशी टप्प्याटप्प्याने जाहीर होते आणि पन्नास पैशांच्या खाली आली तर गावाला सवलती मिळतात. पण तोवर हंगाम संपलेला असतो. म्हणून केंद्राच्या 2016 च्या दुष्काळ संहितेने पाऊस, उपग्रहाला दिसणारा हिरवेपणा, जमिनीतला ओलावा अशा निकषांवर भर दिला. 2018 मध्ये राज्याने 151 तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला, तो ऑक्टोबर संपता संपता.

विम्यातही उपग्रह आला आहे. 2023 च्या खरिपापासून भात आणि गव्हाच्या उत्पन्नात किमान तीस टक्के वजन तंत्रज्ञानाने काढलेल्या अंदाजाला देण्याचे केंद्राने ठरवले. खुंट्या आणि सुतळी आता लवकरच जातील, असे काहींना वाटते. मला तसे वाटत नाही. उपग्रहाला रंग दिसतो, शेंगेतला दाणा दिसत नाही. रंगावरून क्विंटल काढणारे गणित बसवायला आणि तपासायला कोणाला तरी शेतात जाऊन खरेच तोलावे लागते. ते प्रयोग आळसाने केलेले असतील, तर आळस उपग्रहाच्या आकड्यातही उतरतो. तेव्हा खर्च करायचाच असेल, तर आधी प्रत्येक कृषी सहायकाला दाण्यातला ओलावा मोजायचे यंत्र द्यावे आणि मंडळातल्या प्रत्येक तुकड्याचे वजन, गट नंबरासह, ग्रामपंचायतीच्या फलकावर लावावे. त्याला फार पैसे लागत नाहीत.