खारपाणपट्ट्यातली ओल मोजताना

सातपुड्याच्या पायथ्याकडचा भाग सोडला, तर तेल्हारा तालुक्याचा बराचसा मुलूख पूर्णेच्या खारपाणपट्ट्यात मोडतो. अमरावती, अकोला, बुलढाणा अशा तीन जिल्ह्यांत पसरलेल्या या पट्ट्यात बोअरचं पाणी खारं असतं, म्हणून पिण्याचं पाणी वान धरणातून नळाने आणावं लागतं. भिंतीला मात्र धरणाचं पाणी कोण देणार? ती पायाखालच्या मातीतलंच पाणी ओढते आणि जोत्याच्या वर हातभर लोणा लागतो. अशा भिंतीला दोन सुयांचा मीटर टोचला की आकडा भराभर चढतो आणि घरमालकाला घाम फुटतो. पण तो मीटर पाणी मोजतच नाही. दोन सुयांमधून वीज किती सहज जाते एवढंच तो पाहतो, आणि त्यावरचे टक्के बहुधा लाकडासाठी आखलेले असतात. पाण्यात मीठ विरघळलं की थोड्या ओलीतूनही वीज सुरळीत जाते. म्हणून या भागात मिठाचा हिशेब वेगळा केल्याशिवाय ओलीचा कोणताही आकडा विश्वासाने धरू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. तो हिशेब तराजूवर होतो.

दुसरी मेख पावसाळ्यात असते. हवेतली सापेक्ष आर्द्रता सुमारे ७५ टक्क्यांच्या वर गेली की साधं मीठ हवेतलंच पाणी ओढून विरघळू लागतं. म्हणजे श्रावणात ओली दिसणारी भिंत जमिनीतून पाणी घेत असेलच असं नाही, आणि जोत्यात रसायन भरून घेतल्याचा खर्च वाया जाऊ शकतो. हे ओळखायचं तर भिंतीत वेगवेगळ्या उंचीवर, गिलाव्याच्या आत, ड्रिल हळू फिरवून भुकटी काढायची. ड्रिल तापलं तर पाणी तिथेच उडतं. भुकटी लगेच घट्ट झाकणाच्या बाटलीत भरून तोलायची. मग मिठाच्या संपृक्त द्रावणावर, बंद बरणीत, वजन स्थिर होईपर्यंत ठेवायची. त्या बरणीतली आर्द्रता आपोआप ७५ टक्क्यांवर राहते. शेवटी भट्टीत सुकवून पुन्हा तोलायची. मूळची ओल बरणीतल्या ओलीहून बरीच जास्त निघाली तर पाणी जमिनीतून किंवा गळक्या नळातून येतंय. दोन्ही सारख्याच असतील तर संशय हवेवर आणि मिठावर घ्यायचा.

‘विटेची चाचणी तर ठरलेली आहे, मग आणखी खटाटोप कशाला?’ असा आक्षेप येईल. भारतीय मानकाप्रमाणे वीट सुकवून, २७ अंशांच्या आसपासच्या पाण्यात २४ तास बुडवून, पुसून तीन मिनिटांत तोलतात; सर्वसाधारण विटेला २० टक्क्यांपर्यंत सूट आहे. ही चाचणी चांगली आहे, पण वीट पाणी किती पिते एवढंच ती सांगते. भिंतीत पाणी किती झपाट्याने चढेल हे कळायला वेगळी मांडणी लागते. सुकवलेल्या विटेच्या चारही बाजू मेणाने बंद करायच्या, ती बारीक टेकूंवर ठेवायची आणि बूड जेमतेम बुडेल एवढंच पाणी तबकात घालायचं. ठराविक वेळाने उचलायची, बूड ओल्या फडक्याने टिपायचं, तोलायची, परत ठेवायची. वाढलेलं वजन वेळेच्या वर्गमुळासमोर मांडलं की सरळ रेघ येते. ओल माथ्याला पोचली की ती मोडते. सुरुवातीपासूनच वाकडी आली तर मेण सुटलंय किंवा वीट नीट सुकलेली नव्हती. विश्वासार्हतेची खूण अशी चाचणीच्या पोटातच असते, आणि २४ तासांच्या एका आकड्यात नेमकी तीच नसते. तापमानही सांभाळायला हवं. २० अंशांच्या पाण्यापेक्षा ४० अंशांचं पाणी पातळ असल्याने तीच वीट ते सुमारे वीस टक्के जास्त वेगाने ओढते. वऱ्हाडातल्या मे महिन्यात पंख्याखाली केलेली आणि डिसेंबरात केलेली चाचणी एकाच तक्त्यात शेजारी मांडली, तर विटेतला म्हणून दिसणारा फरक उन्हाळ्याचा निघेल.

याहून वजनदार आक्षेप असा की युरोपातल्या सुसज्ज प्रयोगशाळांचंही एकमत होत नाही. तेच साहित्य वेगवेगळ्या प्रयोगशाळांना देऊन तुलना झाल्या आहेत, आणि आकडे जुळले नाहीत हे खरं आहे. पण कुठे जुळले नाहीत ते पाहावं. मोठी फाटाफूट दिसली ती वाफ आरपार जाण्याच्या मापात. तिथे कडा किती घट्ट बंद केल्या, आर्द्रता किती स्थिर राहिली, यावर सगळं अवलंबून असतं. तबकातल्या पाण्याची साधी चाचणी त्या मानाने बरीच जुळली.

राहिली भट्टी. मूळची ओल काढण्यासाठी १०५ अंशांवर सुकवताना स्फटिकात बांधलेलं पाणीही उडतं. दहा रेणू पाणी धरून बसलेल्या सोडियम सल्फेटचं निम्म्याहून जास्त वजन पाण्याचंच असतं, आणि ते सगळं ‘ओल’ म्हणून मोजलं जातं. राखेच्या विटेत जिप्सम असेल तर तिथेही हाच घोळ. जिप्समच्या नमुन्यांना चाळीसेक अंशांवर, कोरड्या हवेत, वजन स्थिर होईपर्यंत सुकवलेलं बरं. दिवस जास्त जातात, आणि घाईतला कंत्राटदार कुरकुरणारच. त्याला अहवालात सुकवण्याचं तापमान लिहायला लावावं. ते लिहिलेलं नसेल तर शेजारच्या टक्केवारीवर पैसे खर्चू नयेत.