एक काडतूस, दोन नळ्या

१८७३ साली अमेरिकेच्या कनेटिकट राज्यात, एकमेकांपासून साठेक किलोमीटरवरच्या दोन गावांतून दोन हत्यारं बाहेर पडली. हार्टफर्डच्या कोल्ट कंपनीनं सैन्यासाठी ‘सिंगल अ‍ॅक्शन आर्मी’ हे सहाबारी रिव्हॉल्व्हर काढलं. न्यू हेवनच्या विंचेस्टरनं नवी लिव्हर-अ‍ॅक्शन रायफल काढली : चापाभोवतीची कडी पुढे ढकलून मागे ओढली की रिकामी पुंगळी बाहेर, भरलेलं काडतूस आत आणि घोडा चढलेला. पुढे वेस्टर्न सिनेमानं या दोघांची अशी काही गाठ मारली, की कमरेला कोल्ट आणि खोगिराला विंचेस्टर नसेल तर तो काउबॉयच नव्हे. पण या जोडगोळीची गोळी एक नव्हती. कोल्टचं काडतूस .४५ चं, विंचेस्टरचं .४४ चं. पट्ट्यात दोन्ही शेजारी शेजारी खोचली तर अंधारात बोटांना फरक कळायचा नाही, हत्याराला मात्र लगेच कळायचा.

रायफल आणि रिव्हॉल्व्हर दोन्हींत चालेल असं एकच काडतूस असावं, ही मागणी साधी वाटते. पट्टा एक, डबा एक, दुकानदाराकडे मागायचा माल एक. तरीही त्यासाठी कोणतं कॅलिबर निवडावं, यावर अमेरिकेतले बंदूकवाले अजून हिरीरीनं भांडतात. भांडण मिटत नाही याचं कारण मला त्या सव्वातीन सेंटिमीटर लांबीच्या पितळी पुंगळीत दिसतं. तिला दोन धनी आहेत, आणि दोघांच्या अपेक्षा वेगळ्या.

कोल्टचं .४५ हे काडतूस निव्वळ रिव्हॉल्व्हरसाठी घडवलेलं. त्या रिव्हॉल्व्हरमधून पुंगळ्या काढायची रीत बघा : बाजूचं झाकण उघडायचं, चक्री एकेक घर फिरवायची आणि नळीखालची दांडी समोरून दाबून एकेक पुंगळी मागे ढकलायची. पुंगळीच्या बुडाशी जी पितळी कड असते, तिचं काम एवढंच, की काडतूस घरातून पुढे घसरू नये. त्यामुळे ती कड नावापुरती ठेवली तरी भागत होतं. रायफलमध्ये तसं भागत नाही. तिथे पोलादाचा एक आकडा त्या कडेला धरतो आणि पुंगळी मागे खेचतो. काळ्या दारूचा कीट साचून नळीचं घर चिकट झालेलं असतं, पुंगळी उष्णतेनं फुगून भिंतीला टेकलेली असते. अशा वेळी आकड्याला धरायला काहीतरी हवं. आजच्या मापांनीसुद्धा .४५ कोल्टची कड पुंगळीच्या अंगाबाहेर जेमतेम ०.४ मिलिमीटर येते. विंचेस्टरच्या .४४-४० ची येते सुमारे ०.७ मिलिमीटर. जुन्या काळी बनणाऱ्या .४५ ची कड तर याहूनही बारीक असे. नखाच्या टोकाएवढ्या या फरकामुळे एकोणिसाव्या शतकात .४५ कोल्टची लिव्हर रायफल कुणी बाजारात आणली नाही. सिनेमातल्या नायकाच्या हातात ती दिसली, तर ती दिग्दर्शकाची कृपा समजावी. याच सिनेमावाल्यांनी १८८० च्या काळात घडणाऱ्या ‘स्टेजकोच’मध्ये जॉन वेनच्या हाती १८९२ ची रायफल दिली होती, तेव्हा कड किती मिलिमीटरची हे त्यांना विचारण्यात अर्थ नाही.

म्हणजे तडजोड कोल्टला करावी लागणार होती, आणि ती कंपनीनं केली. १८७० च्या दशकाच्या अखेरीस कोल्टनं आपलं तेच रिव्हॉल्व्हर विंचेस्टरच्या .४४-४० काडतुसासाठी बनवलं आणि नळीवर ‘कोल्ट फ्रंटियर सिक्स शूटर’ असं नाव कोरलं. प्रतिस्पर्ध्याच्या काडतुसाचं नाव आपल्या मालावर ठळक मिरवण्यापेक्षा सरहद्दीचं नाव बरं, असा हिशोब त्यात असावा असं मला वाटतं. ‘४४-४०’ मधले चाळीस म्हणजे चाळीस ग्रेन काळी दारू, अडीच ग्रॅमहून थोडी जास्त. तिच्यापुढे दोनशे ग्रेनची, म्हणजे तेरा ग्रॅमची, शिशाची गोळी. पुंगळी तोंडाशी किंचित निमुळती. त्या निमुळतेपणामुळे ती नळीच्या घरात अलगद सरकते, आणि पितळ पातळ असल्यामुळे बार होताच फुगून घर घट्ट बंद करते. काजळी मागे यंत्रात येत नाही. रायफलसाठी विचार करून केलेलं काडतूस म्हणजे काय, हे इथे कळतं.

पुढे तर कोल्टनं स्वतःच .४४-४० ची लिव्हर रायफल काढली. अँड्र्यू बर्जेस या संशोधकाच्या पेटंटवरची ही ‘कोल्ट-बर्जेस’ रायफल १८८३ ते १८८५ एवढीच बनली. एकाच कारखान्यातून रिव्हॉल्व्हर आणि लिव्हर रायफल, दोन्हींचं काडतूस एक, असा योग जुळून आला. मग ती अचानक बंद का झाली? विंचेस्टरचे लोक आपल्या रिव्हॉल्व्हरचे नमुने घेऊन हार्टफर्डला गेले, ‘तुम्ही लिव्हर रायफली करत असाल तर आम्ही ही करतो’ असं सुचवून आले आणि दोन्ही बाजू आपापल्या घरी परतल्या, असं सांगतात. दंतकथा असेल, पण लिव्हर रायफल आणि रिव्हॉल्व्हर यांच्यापुरता दोन्ही कंपन्यांचा नंतरचा व्यवहार तिला धरूनच आहे.

प्रत्यक्ष सरहद्दीवर या सोयीचा उपयोग किती झाला, याबद्दल मात्र मी जरा साशंक आहे. टेक्सास रेंजर जेम्स गिलेटनं आपल्या आठवणींत नव्या विंचेस्टरची किंमत दिली आहे : रायफल पन्नास डॉलर, आखूड नळीची कार्बाइन चाळीस. हे पैसे रेंजरनं पदरचे घालायचे, काडतुसंही स्वतःच आणायची, कारण सरकार फक्त शार्प्स कार्बाइनची काडतुसं पुरवत होतं. ज्याला चाळीस डॉलर जमवताना नाकी नऊ येत, तो जोडी जुळावी म्हणून दुसरं रिव्हॉल्व्हर घेणार कुठून? जे होतं ते वापरायचं. खुद्द सैन्यालाही हे जमलं नाही. कोल्टच्या जोडीला स्प्रिंगफील्ड रायफल होती, तीही ‘पंचेचाळीस’चीच, पण तिचं काडतूस भलतंच लांब. त्यात स्कोफील्डचं रिव्हॉल्व्हर आलं. त्याचं आखूड काडतूस कोल्टमध्ये बसे, कोल्टचं लांब काडतूस स्कोफील्डमध्ये बसत नसे. कोठारातून चुकीची पेटी आली की पलटणीची पंचाईत. थिओडोर रूझवेल्टकडे पैशांची वानवा नव्हती, नक्षीकाम केलेलं .४४-४० चं कोल्ट त्यांच्या कमरेला होतं. पण डाकोटात शिकारीसाठी त्यांनी १८७६ ची मोठ्या काडतुसाची विंचेस्टर पसंत केली. ज्याला निवड करणं परवडत होतं, त्यानं जोडी मोडलीच.

दोन धन्यांची खरी ओढाताण पुढे दिसली. १८९२ मध्ये जॉन ब्राउनिंगनं आखलेली नवी विंचेस्टर आली. तिची कडी-कुलपं जुन्या १८७३ पेक्षा कितीतरी भक्कम. तिच्यासाठी .४४-४० ची जोरकस ‘हाय व्हेलॉसिटी’ काडतुसं निघाली. बाहेरून माप तेच, आतला दाब निराळा. १८७३ च्या रायफलीत आणि रिव्हॉल्व्हरमध्ये ही वापरू नका, अशी सूचना खोक्यावर छापावी लागली. दोन्हींत चालतं म्हणून ज्या काडतुसाची ख्याती, त्याच्या खोक्यावर ही सूचना!

यातून सुटका झाली ती १९३५ साली. स्मिथ अँड वेसननं .३५७ मॅग्नम आणलं. तेही रिव्हॉल्व्हरसाठीच, रायफलीचा विचार कुणाच्या मनात नव्हता. जुन्या .३८ स्पेशलची पुंगळी तीनेक मिलिमीटरनं वाढवली, म्हणजे जुन्या, कमी दाबाच्या रिव्हॉल्व्हरमध्ये नवं काडतूस शिरणारच नाही आणि नव्या हत्यारात मात्र जुनं खुशाल चालेल. खोक्यावर सूचना छापण्यापेक्षा ही युक्ती कधीही बरी. मार्लिननं १९७९ मध्ये या काडतुसाची लिव्हर रायफल काढली, आणि जोडीच्या दुनियेत उलथापालथ झाली.

का झाली, ते नळीच्या लांबीवरून समजतं. दारू एका क्षणात सगळी जळत नाही. संथ जळणारी दारू असेल तर गोळी रिव्हॉल्व्हरच्या चार इंची नळीतून बाहेर पडते तेव्हाही मागे दाब शिल्लक असतो. तो हवेत जातो, कानठळ्या बसवतो, जाळ दाखवतो. त्यातला थोडा दाब तर चक्री आणि नळी यांच्यामधल्या फटीतून आधीच निसटलेला असतो. अठरा इंची नळीत तोच दाब गोळीला ढकलत राहतो. .३५७ ची १५८ ग्रेनची गोळी रिव्हॉल्व्हरमधून सेकंदाला साधारण ३७५ मीटर वेगानं निघते, कार्बाइनमधून ५५० च्या आसपास. वेग दीडपटीच्या जवळ जातो, आणि ऊर्जा वेगाच्या वर्गानं वाढत असल्यामुळे ती दुपटीहून जास्त होते. .४५ कोल्टला हा लाभ फारसा मिळत नाही. त्याच्या काडतुसावर आजही १४,००० पीएसआय दाबाची मर्यादा आहे, .३५७ ला ३५,००० ची. .४५ ला एवढं जखडून ठेवायचं कारण असं, की १८७३ च्या घडणीची जुनी कोल्ट अजून लोकांच्या कपाटात आहेत, आणि त्यांत कोण काय भरेल याचा नेम नाही. नव्या रायफलीला जुन्या रिव्हॉल्व्हरच्या वयाचा भार वाहावा लागतो.

१९५५ चं .४४ मॅग्नम याहून दांडगं. हरणासाठी, अस्वलाच्या मुलखात फिरण्यासाठी रायफल म्हणून उत्तम. पण रिव्हॉल्व्हरमधून ते मनगटाला जो हिसका देतं, तो दिवसभर सोसणारे हात थोडे. .३५७ पेक्षा ते जास्त काम करतं हे मान्य, पण जे हत्यार झाडताना माणूस डोळे मिटतो, त्याचं जास्तीचं काम काय उपयोगाचं? जोडी निवडताना म्हणूनच माझा कौल असा : आधी रिव्हॉल्व्हर हातात धरून कोणतं काडतूस झेपतं ते पाहावं, रायफल आपलं आपण निभावते. जुन्या काळी नेमकं उलट होतं. तेव्हा रायफलीच्या आकड्याला जे झेपेल ते रिव्हॉल्व्हरनं मुकाट्यानं घ्यायचं.

.४४-४० चे भक्त हे ऐकणार नाहीत. घरी काडतुसं भरणाऱ्या अशा भक्ताचं काम पाहण्यासारखं असतं. सरळ अंगाच्या .३५७ ची पुंगळी कार्बाइडच्या साच्यात कोरडीच घालता येते. .४४-४० ला आधी वंगण लावावं लागतं, तेही बेतानं. साचा रेसभर खाली बसला तर निमुळत्या गळ्याचं पातळ पितळ चुरगळतं आणि पुंगळी भंगारात जाते. शिवाय गोळीचं टोक चपटं हवं. रायफलीच्या नळीखालच्या कोठारात काडतुसं एकामागे एक अशी झोपलेली असतात, एकाचं टोक पुढच्याच्या बुडाला टेकलेलं. त्या बुडाच्या मध्यावर ठिणगी टाकणारी टोपी असते. टोकदार गोळी आणि एखादा जबर धक्का, एवढ्यावर कोठारातच बार उडू शकतो. इतका उपद्व्याप करून तयार झालेलं काडतूस मात्र रायफलीत लोण्यासारखं सरकतं, हेही खरं.

हे सगळं आज मुख्यतः खेळासाठी चालतं. १९८७ साली कॅलिफोर्नियात ‘सिंगल अ‍ॅक्शन शूटिंग सोसायटी’ स्थापन झाली. स्पर्धकानं एकोणिसाव्या शतकातला पोशाख करायचा, टोपणनाव घ्यायचं, आणि दोन रिव्हॉल्व्हर, एक लिव्हर रायफल आणि एक शॉटगन घेऊन लोखंडी पाट्यांवर नेम धरायचा. गोळ्या शिशाच्याच, वेगावर मर्यादा. पोशाखाबाबत मंडळी काटेकोर असतात. पण वरच्या क्रमांकांचे बरेच स्पर्धक काडतूस वापरतात .३८ स्पेशलचं, जे त्या शतकाच्या अगदी शेपटाला जन्मलं आणि मूळ १८७३ च्या विंचेस्टरमध्ये कधी गेलंच नाही. धक्का कमी, खर्च कमी, घड्याळात सेकंद वाचतात. हत्यारंही परदेशची : कोल्टच्या प्रतिकृती इटलीतल्या उबर्टीच्या, आणि विंचेस्टरचं नाव असलेली १८७३ जपानमध्ये मिरोकू कंपनीत बनलेली.

आपल्याकडे कॅलिबरचा प्रश्न उलट्या टोकानं आला. दोन हत्यारांचं काडतूस एक असावं ही नागरिकाची इच्छा इथे कधी मुद्दाच नव्हती. नागरिकाचं आणि फौजेचं काडतूस एक नसावं, ही सरकारची इच्छा मुद्दा होती. पुण्याजवळच्या खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ चा, म्हणजे कोल्ट-विंचेस्टरच्या त्या हत्यारांहून चार वर्षांनी थोरला. पण तिथला माल खासगी नळीत चालू नये याची काळजी राज्यकर्त्यांना होती. १९०७ मध्ये इंग्रजांनी हिंदुस्थानात आणि सुदानात .४५० च्या काडतुसांवर बंदी आणली, कारण फौजेच्या जुन्या मार्टिनी-हेन्री त्याच मापाच्या होत्या. वाघाच्या शिकारीला येणाऱ्या साहेबांची गैरसोय झाली, तेव्हा लंडनच्या बंदूकवाल्यांनी .४६५, .४७० अशी जवळपासची मापं काढून दिली.

ती विचारसरणी स्वातंत्र्यानंतरही राहिली. .३०३ फौजेची, म्हणून सामान्य परवान्यावर इच्छापूरची .३१५ रायफल. सेवेतली रिव्हॉल्व्हरं वेगळ्या मापाची, म्हणून नागरिकाला कानपूरचं .३२. शस्त्र कायद्यातल्या २०१९ च्या दुरुस्तीनं एका परवानाधारकाला जास्तीत जास्त दोनच हत्यारं ठेवता येतात. सातारा किंवा सोलापूरकडचा एखादा बागायतदार हीच दोन घेतो. एकाचं काडतूस दुसऱ्यात बसण्याची सोय नाही, आणि परवान्याच्या पुस्तकात दोन्हींचा कोटा वेगवेगळा लिहिलेला असतो.