विश्लेषण : बफे आणि मंगर यांचा तिसरा साथीदार मागे का राहिला? दीर्घकालीन गुंतवणुकीचा सर्वांत महागडा धडा

वॉरेन बफे आणि चार्ली मंगर ही जोडी शेअर बाजारात पैसे न गुंतवणाऱ्यांनाही ठाऊक असते. त्यांच्यासोबत सत्तरच्या दशकात गुंतवणूक करणारे रिक गेरिन हे नाव मात्र फारसे कुणाला आठवत नाही. तिघांची विचारपद्धती एकच, अभ्यास तितकाच सखोल आणि काही कंपन्यांमधील गुंतवणूकही सामाईक. तरीही बर्कशायर हॅथवेचे समभाग गेरिन यांच्या हातून निसटले. ते का निसटले, हे समजून घेतले तर मूल्याधारित गुंतवणुकीतील अर्ध्याहून अधिक धडे त्यात सापडतात.

रिक गेरिन कोण होते?

कॅलिफोर्नियातील गेरिन हे ‘पॅसिफिक पार्टनर्स’ हा गुंतवणूक निधी चालवत. बफे यांनी १९८४ मध्ये कोलंबिया विद्यापीठातील गाजलेल्या भाषणात ज्या यशस्वी गुंतवणूकदारांची आकडेवारी मांडली, त्यांत गेरिन होते. १९६५ ते १९८३ या १९ वर्षांत त्यांच्या निधीने शुल्क वजा करण्यापूर्वी वार्षिक सरासरी ३२.९ टक्के चक्रवाढ परतावा दिला. याच काळात अमेरिकेचा ‘एस अँड पी’ निर्देशांक वर्षाला ७.८ टक्के दराने वाढला. म्हणजे गेरिन यांच्या बुद्धीविषयी किंवा समभाग निवडण्याच्या कौशल्याविषयी शंका घेण्यास जागा नाही.

मग १९७३-७४ मध्ये काय बिघडले?

१९७३च्या सुरुवातीपासून १९७४च्या अखेरीपर्यंत अमेरिकी बाजार जवळपास निम्म्यावर आला. तेलाचे संकट, महागाई आणि राजकीय अस्थिरता एकाच वेळी आली. मंगर यांच्या निधीचे मूल्यही या दोन वर्षांत प्रत्येकी ३१ टक्क्यांहून अधिक घसरले. चांगल्या-वाईट सगळ्याच कंपन्यांचे भाव पडत होते.

गेरिन यांनी मात्र कर्ज काढून समभाग घेतले होते. तारण ठेवलेल्या समभागांचे भाव पडले की कर्ज देणारा आणखी पैसे भरायला सांगतो. यालाच ‘मार्जिन कॉल’ म्हणतात. मूळचे मुंबईकर आणि आता अमेरिकेत असलेले गुंतवणूकदार मोहनीश पबराय यांनी २००८ मध्ये बफे यांच्यासोबत धर्मादाय लिलावातून मिळालेले भोजन घेतले. त्या वेळी बफे यांनी ही हकिकत सांगितल्याचे पबराय यांनी अनेकदा नमूद केले आहे. पैसे उभे करण्यासाठी गेरिन यांना बर्कशायरचे समभाग विकावे लागले. भाव होता ४० डॉलरपेक्षा कमी आणि घेणारे होते खुद्द बफे. आपण आणि मंगर श्रीमंत होणार हे ठाऊक होते, त्यामुळे घाई नव्हती. गेरिन तितकेच हुशार होते, पण त्यांना घाई होती, असा बफे यांच्या सांगण्याचा आशय होता.

गेरिन यातून सावरले. पुढे अनेक वर्षे ते यशस्वी गुंतवणूकदार राहिले आणि २०२० मध्ये त्यांचे निधन झाले. पण बर्कशायरच्या ‘अ’ वर्गातील त्याच एका समभागाचा भाव २०२४ मध्ये सात लाख डॉलरच्या पुढे गेला. कंपनी बरोबर निवडली होती, फक्त ती हातात ठेवण्याची ताकद कर्जाने काढून घेतली.

मूल्याधारित गुंतवणूक म्हणजे नेमके काय?

या पद्धतीचे जनक बेंजामिन ग्रॅहम. कोलंबिया विद्यापीठात शिकवणारे ग्रॅहम आणि त्यांचे सहकारी डेव्हिड डॉड यांचे ‘सिक्युरिटी अ‍ॅनालिसिस’ १९३४ मध्ये आले, तर सामान्य वाचकांसाठीचे ‘द इंटेलिजंट इन्व्हेस्टर’ १९४९ मध्ये. समभाग म्हणजे चालत्या व्यवसायातील हिस्सा आहे, हे त्यांचे पहिले सूत्र. दुसरे सूत्र असे की बाजारातील भाव आणि व्यवसायाचे मूल्य या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. भाव रोज बदलतो, मूल्य इतक्या वेगाने बदलत नाही.

तिसरे सूत्र ‘मार्जिन ऑफ सेफ्टी’चे, म्हणजे चुकीसाठी ठेवलेल्या जागेचे. समजा, एखाद्या कंपनीच्या समभागाचे मूल्य १०० रुपये असावे असा तुमचा अंदाज आहे. तो ९८ रुपयांना घेतला आणि अंदाज २० टक्क्यांनी चुकला, तर नुकसान ठरलेले. तोच ६५ रुपयांना मिळाला, तर अंदाज तितकाच चुकूनही मुद्दल शाबूत राहते.

ग्रॅहम यांनी हे केवळ पुस्तकात शोधले नव्हते. १९२९च्या मंदीत आणि त्यानंतरच्या तीन वर्षांत त्यांच्या निधीचे सुमारे ७० टक्के मूल्य नाहीसे झाले होते आणि त्यामागे कर्जाऊ पैसा हे एक कारण होते. अर्थात, जो फटका गेरिन यांना बसला, तो चार दशकांपूर्वी गुरूंनाही बसला होता.

स्वस्त मिळाले म्हणजे चांगले मिळाले का?

नाही, आणि त्याचे उदाहरण म्हणजे बर्कशायर हॅथवे हीच कंपनी. ती मुळात न्यू इंग्लंडमधील कापडगिरणी. समभाग स्वस्त म्हणून बफे यांनी १९६२ मध्ये खरेदी सुरू केली. १९६४ मध्ये व्यवस्थापनाने ते परत घेण्यासाठी तोंडी साडेअकरा डॉलरचा भाव कबूल केला. लेखी प्रस्ताव आला तो साडेबारा सेंटने कमी. चिडलेल्या बफे यांनी विकण्याऐवजी आणखी समभाग घेतले आणि १९६५ मध्ये कंपनीच ताब्यात घेतली. परदेशी आणि स्वस्त मालापुढे गिरणीचा धंदा टिकत नव्हता. दोन दशके पैसे ओतून अखेर १९८५ मध्ये ती बंद करावी लागली. ही आपली मोठी चूक होती, हे बफे यांनी वारंवार कबूल केले आहे.

याउलट ‘सीज कँडीज’ या चॉकलेट कंपनीचे. १९७२ मध्ये ती अडीच कोटी डॉलरना घेण्यात आली. पुस्तकी मूल्य जेमतेम ८० लाख डॉलर असल्याने जुन्या हिशेबाने ती महाग होती. पण ग्राहक याच नावाचा डबा मागत आणि दर थोडे वाढले तरी घेत. २००७ पर्यंत या कंपनीने करपूर्व एकूण १३५ कोटी डॉलरचा नफा मिळवून दिला. त्यासाठी जास्तीचे भांडवल लागले फक्त ३.२ कोटी डॉलर. स्वस्त पण दुबळ्या व्यवसायापेक्षा वाजवी किमतीतील भक्कम व्यवसाय बरा, हा आग्रह प्रामुख्याने मंगर यांचा होता.

मग चांगल्या कंपनीसाठी कितीही किंमत मोजावी का?

तसेही नाही. डिसेंबर १९९९ मध्ये मायक्रोसॉफ्टचा भाव शिखरावर होता. त्यानंतर कंपनीचा व्यवसाय आणि नफा बराच वाढला, तरी भावाला ते शिखर पुन्हा गाठायला २०१६ उजाडले. कंपनी उत्तमच होती, पण शिखरावर घेणाऱ्याने पुढची अनेक वर्षे आधीच विकत घेतली होती.

बफेही यातून सुटले नाहीत. २०१५ मध्ये ‘हाइन्झ’ आणि ‘क्राफ्ट’ यांचे विलीनीकरण झाले. फेब्रुवारी २०१९ मध्ये कंपनीने आपल्या मालमत्तेचे मूल्य १५.४ अब्ज डॉलरनी कमी केले आणि समभाग एका दिवसात २७ टक्के कोसळला. क्राफ्टसाठी आपण जास्त पैसे मोजले, अशी कबुली बफे यांनी दिली. त्याआधी १९९३ मध्ये घेतलेली ‘डेक्स्टर शू’ ही पादत्राणे कंपनी तर परदेशी मालाच्या स्पर्धेत काही वर्षांतच निरुपयोगी ठरली. शिवाय ४३.३ कोटी डॉलरची ती किंमत बर्कशायरच्या समभागांत चुकवली होती.

इतक्या चुका करूनही बर्कशायर टिकली कशी?

कारण एकाही चुकीने कंपनी बुडणार नाही, अशी रचना होती. हाताशी भरपूर रोकड, अल्प मुदतीचे कर्ज जवळपास नाही आणि विकण्याची सक्ती कधीच नाही. २०१७च्या वार्षिक पत्रात बफे यांनी बर्कशायरच्याच समभागाच्या चार मोठ्या घसरणींचा तक्ता दिला होता :

– १९७३ ते १९७५ : ५९ टक्के
– ऑक्टोबर १९८७ : ३७ टक्के
– १९९८ ते २००० : ४९ टक्के
– सप्टेंबर २००८ ते मार्च २००९ : ५१ टक्के

यातील एकाही घसरणीमागे व्यवसाय कोलमडल्याचे कारण नव्हते. म्हणजे जगातील नामांकित कंपनीचा समभागही अर्ध्यावर येऊ शकतो. ज्याने तो कर्जावर घेतला असेल, त्याला पुढची तेजी दिसतच नाही.

भारतीय गुंतवणूकदारांसाठी याचा अर्थ काय?

आज मोबाइल अ‍ॅपवर ‘मार्जिन ट्रेडिंग’ची सोय एका बटणावर मिळते. काही रक्कम तुमची, उरलेली ब्रोकरची, त्यावर व्याज आणि समभाग तारण. हिशेब साधा आहे. स्वतःचे पाच लाख आणि कर्जाचे पाच लाख घालून १० लाखांचे समभाग घेतले. बाजार ४० टक्के पडला की उरतात सहा लाख. त्यातून कर्जाचे पाच लाख गेले की हातात एक लाख, तोही व्याज न धरता. म्हणजे बाजार ४० टक्के पडला, पण तुमचे ८० टक्के गेले. प्रत्यक्षात ब्रोकर त्याआधीच समभाग विकून मोकळा होतो. कर्ज नसते, तर पाच लाखांचे तीन लाख झाले असते, पण समभाग तुमच्याच खात्यात राहिले असते.

अशी घसरण आपल्याकडे नवी नाही. जानेवारी २००८ मध्ये २१ हजारांवर गेलेला सेन्सेक्स मार्च २००९ मध्ये ८,१६० पर्यंत आला होता. २३ मार्च २०२० रोजी तो एकाच दिवसात ३,९३४ अंशांनी, म्हणजे १३ टक्क्यांहून अधिक कोसळला. दोन्ही वेळा थांबू शकणाऱ्यांना बाजाराने पैसे परत मिळवून दिले.

झटपट कमाईच्या दुसऱ्या वाटेचे, फ्युचर्स अँड ऑप्शन्सचे चित्र ‘सेबी’च्या सप्टेंबर २०२४च्या अभ्यासात दिसते. २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन आर्थिक वर्षांत या व्यवहारांतील ९३ टक्के वैयक्तिक गुंतवणूकदारांना तोटा झाला. एकूण तोटा १.८ लाख कोटी रुपयांहून अधिक होता.

प्रत्येकाने स्वतः समभाग निवडलेच पाहिजेत का?

बफे यांचे उत्तर ‘नाही’ असे आहे. २००८ मध्ये त्यांनी १० लाख डॉलरची पैज लावली होती. एका बाजूला कमी खर्चाचा इंडेक्स फंड, तर दुसऱ्या बाजूला तज्ज्ञांनी निवडलेले पाच ‘फंड ऑफ फंड्स’. दहा वर्षांनंतर इंडेक्स फंडाने वार्षिक ८.५ टक्के परतावा दिला होता आणि त्या पाचांपैकी एकही त्याच्या पुढे जाऊ शकला नाही. ताळेबंद वाचायला वेळ नसलेल्यांनी निर्देशांकात नियमित गुंतवणूक करावी, असे ते सांगत आले आहेत.

समभाग स्वतः निवडायचेच असतील, तर खरेदीचे बटण दाबण्यापूर्वी चार प्रश्न विचारता येतील. ही कंपनी पैसे कशातून कमावते, हे दोन वाक्यांत सांगता येते का? अंदाज चुकला तरी मुद्दल वाचेल इतक्या भावाने मिळते आहे का? हा भाव अर्ध्यावर आला, तर घरखर्च, हप्ते आणि मुलांची फी न थांबता चालेल का? आणि यातला प्रत्येक रुपया स्वतःचा आहे का? गेरिन यांच्याकडे पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे होती. त्यांचे घोडे अडले ते शेवटच्या प्रश्नावर.