मोटारीविना माथेरान

आमच्या कळंबच्या बाजूला बालाघाटाचे डोंगर बहुतेक बोडके. त्यामुळं सह्याद्रीतल्या माथेरानचं अप्रूप आम्हाला जरा जास्तच. माथ्यावरचं रान ते माथेरान. १८५० मध्ये ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट हा डोंगर चढून गेले आणि सुमारे ८०० मीटर उंचीवरच्या त्या रानात पुढं बंगले उठले. नेरळहून वर जायचं तर घोडा, डोली, नाहीतर आपले पाय. मुंबईच्या आदमजी पीरभॉय घराण्यानं पदरचा पैसा घालून घाटातून रूळ टाकले. १९०७ मध्ये दोन फुटी रुळांवरून छोटी गाडी वळणं घेत वर पोचली.

गावात मोटारीला मात्र बंदी. म्हणूनच तांबड्या मातीच्या वाटा, गर्द सावली आणि पाखरांचे आवाज टिकले. पण या शांततेचं ओझं कुणीतरी ओढत होतं. चढावर माणूसच माणसाला हातरिक्षातून नेत होता. ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ही प्रथा अमानुष म्हणून सहा महिन्यांत बंद करायला सांगितली. रिक्षा ओढणाऱ्यांना ई-रिक्षा देऊन त्यांचं पुनर्वसन करावं, असंही बजावलं. माथेरानला जाल तेव्हा पॉइंट जरूर पाहा. पण त्या माणसांच्या हाती ई-रिक्षा आली का, हेही विचारा.