पन्नाशीनंतरचा प्रवास: आखणी आपली, चाल आपली

सहल कंपनीबरोबरचा प्रवास आणि स्वतः आखून केलेला प्रवास यांतला मुख्य फरक पैशांचा नाही, चालीचा आहे. कंपनी तिकिटे, खोल्या, जेवण, वाटाड्या सगळे अंगावर घेते, पण घड्याळही तिचेच चालते. पहाटे सामान खोलीबाहेर ठेवायचे, ठरल्या वेळी बसमध्ये बसायचे आणि चाळीस जणांना मिळून वाटून दिलेल्या वेळात देऊळ पाहून बाहेर पडायचे. तिशीत हे सहज झेपते. पन्नाशीनंतर गुडघे, झोप, पचन आणि लघवीला जाण्याची गरज यांच्या वेळा ठरू लागतात आणि बसच्या वेळांशी त्यांचा मेळ बसत नाही. त्यामुळे स्वतंत्र प्रवास तरुणांपेक्षा या वयाला अधिक मानवतो. मात्र कंपनी करत असलेली कामे कुणाला तरी करावीच लागतात. घर सोडण्याआधी ती उरकणे म्हणजेच आखणी.

बहुतेकांची आखणी ठिकाणांच्या यादीपासून सुरू होते आणि तिथेच बिघडते. आधी ठरवायचे ते हे की एका दिवसात किती पाहायचे आणि एका गावात किती रात्री राहायचे. एका दिवसात एकच मोठे ठिकाण आणि एका मुक्कामी किमान तीन रात्री, हे माप बहुतेकांना सोसते. खोली बदलण्याच्या दिवशी बांधाबांध, हिशेब, वाहन, नवी खोली यांत अर्धा दिवस जातो आणि त्या रात्री झोपही नीट लागत नाही. म्हणून एका गावी ठाण मांडून तिथून रोज जाऊन येणे हा सर्वांत कमी दगदगीचा मार्ग आहे.

छत्रपती संभाजीनगरचा मुक्काम याचे चांगले उदाहरण आहे. अजिंठा लेणी सोमवारी बंद असतात आणि वेरूळची मंगळवारी. शनिवार-रविवार जोडून आलेल्या प्रवाशाचा दुसरा दिवस लांबला, की दोन्हींपैकी एक हातचे जाते. मंगळवारी दुपारी शहरात पोहोचून संध्याकाळी बीबी का मकबरा पाहावा, बुधवारी अजिंठा, गुरुवारी विश्रांती आणि पैठणीची खरेदी, शुक्रवारी वेरूळ आणि शेजारचे घृष्णेश्वर, शनिवारी दौलताबाद करून परतावे, असा क्रम लावला तर एकही दिवस वाया जात नाही आणि एकही दिवस अंगावर येत नाही. एका दिवसाच्या सहलीत वेरूळ, घृष्णेश्वर, दौलताबाद आणि मकबरा सगळे कोंबले जाते. त्यात कैलास लेण्याच्या वाट्याला जेमतेम तासभर येतो, ही खेदाची गोष्ट आहे.

अजिंठा शहरापासून सुमारे १०० किलोमीटरवर आहे. खासगी वाहने लेण्यांपासून चार किलोमीटर अलीकडच्या फाट्यावर थांबतात आणि तिथून पुढे बसने जावे लागते. सुरुवातीची चढण दमवते. ज्यांना ती जमत नाही त्यांच्यासाठी डोलीवाले असतात आणि डोलीत बसण्यात कमीपणा काहीच नाही. पण अजिंठ्यात सावकाश जाण्याचे खरे कारण पायांत नसून डोळ्यांत आहे. चित्रे मंद उजेडात आहेत आणि वय वाढते तसा डोळ्यांना अंधाराला सरावायला अधिक वेळ लागतो. पहिल्या लेण्यातल्या पद्मपाणीसमोर दोन मिनिटे थांबणाऱ्याला काळपट भिंत दिसते. दहा मिनिटे थांबणाऱ्याला मुकुटातली नक्षी, झुकलेली भुवई आणि बोटांतले कमळ दिसू लागते. वेरूळची लेणी पश्चिमेकडे तोंड करून आहेत, त्यामुळे दुपारनंतर उजेड आत येतो. म्हणजे सकाळी आरामात आवरून निघणाऱ्याला तिथे लेणी अधिक चांगली दिसतात. दौलताबादचा माथा गाठायला शेकडो पायऱ्या आणि मधली काळोखी भुयारी वाट पार करावी लागते. गुडघे कुरकुरत असतील तर चाँद मिनारपर्यंत जाऊन परतावे. किल्ल्याची तटबंदी, दरवाजे आणि खंदक तेवढ्यातही दिसतात.

प्रवासाच्या साधनांत रेल्वे या वयाला सर्वांत सोयीची, कारण तिच्यात उठून फिरता येते आणि स्वच्छतागृह हाताशी असते. नोव्हेंबर २०२४ पासून आरक्षण प्रवासाच्या ६० दिवस आधी खुले होते, पूर्वी ते १२० दिवस होते. दिवाळी आणि मे महिन्याच्या गाड्या पहिल्याच दिवशी भरतात, त्यामुळे तारीख आधी नक्की करणे भाग आहे. ज्येष्ठांची भाडेसवलत मार्च २०२० मध्ये बंद झाली, पण खालच्या बर्थचा राखीव कोटा चालू आहे. ६० वर्षांवरील पुरुष आणि ४५ वर्षांवरील स्त्रिया यांना तो मिळतो, मात्र एका तिकिटावर एक किंवा दोनच प्रवासी असतील तर. मुलगा, सून, नातू यांच्यासह एकत्र तिकीट काढले की आजी-आजोबांचा हा हक्क जातो आणि वरचा बर्थ पदरी पडतो. अशा वेळी त्यांचे तिकीट वेगळे काढावे. सर्वसाधारण कोट्यातून काढताना किमान एक खालचा बर्थ मिळाला तरच आरक्षण व्हावे, असा पर्यायही निवडता येतो. तत्काळच्या भरवशावर आखणी करू नये. जुलै २०२५ पासून ऑनलाइन तत्काळ तिकिटासाठी खाते आधारशी जोडलेले असावे लागते, आणि खिडकी उघडल्यावर काही मिनिटांत जागा संपतात. पहाटे गाडी पोहोचणार असेल आणि हॉटेलची खोली दुपारी मिळणार असेल, तर मोठ्या स्थानकांवरची रिटायरिंग रूम पीएनआर क्रमांकावर काही तासांसाठी घेता येते.

महाराष्ट्रात एसटीही स्वस्तात फिरवते. ऑगस्ट २०२२ पासून ७५ वर्षांवरील ज्येष्ठांना प्रवास मोफत आहे, ६५ ते ७५ वयोगटाला अर्धे तिकीट आणि मार्च २०२३ पासून सर्व वयाच्या स्त्रियांना अर्धे तिकीट. या सवलती राज्याच्या हद्दीपुरत्या आहेत. पन्नाशीच्या मैत्रिणींनी चौघींचा गट करून गणपतीपुळे, तारकर्ली किंवा भंडारदरा गाठायचे ठरवले, तर भाडे ही अडचण उरत नाही.

खोली ठरवताना छायाचित्रांपेक्षा फोनवर विचारलेले चार प्रश्न अधिक उपयोगी पडतात: लिफ्ट आहे का, नसेल तर तळमजल्यावर खोली मिळेल का, कमोड आहे का, रात्री दार उघडायला कुणी असते का. उत्तर आढेवेढे घेऊन आले तर दुसरी जागा पाहावी.

औषधांची तयारी प्रवासाच्या किमान दोन आठवडे आधी सुरू व्हावी. मुक्कामाच्या दिवसांपेक्षा आठवडाभर जास्तीची औषधे मूळ पाकिटांत घ्यावीत आणि ती हातातल्या सामानात ठेवावीत. इन्सुलिन विमानाच्या पोटातल्या सामानात जाऊ देऊ नये, ते गोठले तर निकामी होते. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर औषधाच्या व्यापारी नावाबरोबर मूळ नावही लिहून घ्यावे, कारण परगावच्या दुकानदाराला तेच ओळखता येते. रक्तदाबाच्या काही गोळ्यांनी लघवी वाढते म्हणून प्रवासाच्या दिवशी ती गोळी टाळणे आणि पाणी न पिणे या दोन सवयी फार दिसतात. दोन्ही धोक्याच्या आहेत. गोळीची वेळ बदलता येईल का, हे डॉक्टरांना विचारावे.

उंचावरचे प्रवास वेगळ्या काळजीचे. लेह सुमारे ३,५०० मीटरवर आहे आणि विमान तिथे काही तासांत आणून सोडते. पहिले दोन दिवस खोलीतच, फार तर अंगणापर्यंत, एवढेच करावे. ३,००० मीटरच्या वर झोपण्याची उंची रोज ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नये, असे वैद्यकशास्त्र सांगते. केदारनाथला हा नियम सरळ मोडतो. गौरीकुंड सुमारे २,००० मीटरवर, मंदिर ३,५८३ मीटरवर आणि मधली चढण बहुतेक जण एका दिवसात संपवतात. म्हणून गुप्तकाशी किंवा सोनप्रयागला एखादा मुक्काम अधिक करावा आणि डोकेदुखी, मळमळ किंवा भोवळ सुरू झाली तर दर्शनासाठी न थांबता खाली उतरावे. चारधामची नोंदणी सक्तीची आहे. अमरनाथ आणि कैलास-मानसरोवर या दोन्ही यात्रांना वयाची कमाल मर्यादा ७० आहे, आणि दोन्हींसाठी वैद्यकीय तपासणी लागते.

परदेशप्रवासात कागदपत्रांना वेळ द्यावा लागतो. युरोपच्या शेंगेन देशांचा व्हिसा प्रवासाच्या सहा महिने आधीपासून मागता येतो, आणि १८० दिवसांत ९० दिवसांपेक्षा जास्त राहता येत नाही. किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा त्यासाठी आवश्यक असतो. विमा घेताना मधुमेह, रक्तदाब, अँजिओप्लास्टी काहीही लपवू नये. हप्ता थोडा कमी व्हावा म्हणून लपवलेला आजार परदेशातल्या रुग्णालयात उघड होतो आणि दावा फेटाळला जातो. आधीपासूनच्या आजारांबाबतचे कलम पूर्ण वाचल्याशिवाय पैसे भरू नयेत. आपल्याकडे सहज मिळणारी काही औषधे बाहेर बेकायदा ठरतात. जपानमध्ये स्यूडोएफेड्रिन असलेल्या सर्दीच्या गोळ्यांवर कडक निर्बंध आहेत, संयुक्त अरब अमिरातीत कोडीन आणि ट्रामाडोलवर. मुलांकडे अमेरिकेला किंवा आखाती देशांत जाणाऱ्या आई-वडिलांनी हे जाण्याआधीच तपासावे. लांबच्या विमानात दर तासा-दोन तासांनी उठून चालावे, नाहीतर पायात रक्ताची गाठ होण्याचा धोका वाढतो. विमानतळावर चाकांची खुर्ची लागणार असेल तर तिकीट काढतानाच सांगावे. त्यासाठी वेगळे पैसे पडत नाहीत.

एकट्याने जाणाऱ्याने किंवा जोडप्याने गाड्यांची, खोल्यांची आणि औषधांची माहिती एका कागदावर लिहून घरी एकाकडे द्यावी, आणि तोच कागद पाकिटातही ठेवावा, कारण फोनची बॅटरी नेमक्या वेळी संपते. रेल्वेत अडचण आली तर १३९ आणि इतरत्र ११२ हे क्रमांक देशभर चालतात.

राहिला प्रश्न कुठे आधी जायचे याचा. निवृत्तीपर्यंत थांबून आधी जवळची, सोपी ठिकाणे आणि मग लांबची, असा क्रम घराघरांत लावला जातो. तो उलटा आहे. लेह, केदारनाथ, लांबची विमाने आणि पायऱ्यांचे किल्ले पन्नाशी-साठीत उरकावेत. गणपतीपुळे, शेगाव आणि महाबळेश्वर सत्तरीनंतरही जमतात.