भीती आधी, कारण मागाहून

परभणीत भूकंपाचा विषय निघाला की माणूस अजून १९९३ सालावरच येतो. गणपती विसर्जन आटोपून लोक नुकते झोपले होते. ३० सप्टेंबरच्या पहाटे चारच्या सुमारास किल्लारीची जमीन हादरली आणि लातूर-उस्मानाबाद भागात हजारो माणसं ढिगाऱ्याखाली गेली. आमच्याकडे धक्का जाणवला, पण घरं उभी राहिली. तरी पुढं कित्येक रात्री लोक अंगणात बाजा टाकून झोपत. "आज रात्री पुन्हा होणार" असं रोज कुणीतरी कुणाकडून ऐकलेलं असे. बँकेच्या काउंटरवर पासबुक सरकवताना खातेदार हळूच विचारत, "साहेब, तारीख कोणती म्हणतात?"

अफवांमुळे माणसं घाबरतात, असं आपण धरून चालतो. लिऑन फेस्टिंगर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाला उलटंच वाटलं, आणि त्याला निमित्त झालं आपल्याच देशातल्या भूकंपाचं. १५ जानेवारी १९३४ रोजी बिहार-नेपाळ हादरलं. त्यानंतरच्या अफवा जमुना प्रसाद यांनी टिपून ठेवल्या. जिथं धक्का बसला पण पडझड झाली नाही, तिथं याहून भयंकर संकट येणार अशा वावड्या उठल्या होत्या. आधीच धास्तावलेल्यांनी आणखी भीती का ओढवून घ्यावी?

'मी घाबरलोय' आणि 'घाबरण्यासारखं तर काही दिसत नाही' हे दोन विचार एका मनात सुखानं नांदत नाहीत. भीती हटत नाही, म्हणून मन तिला साजेसं संकट शोधून आणतं. (न मिळालेली द्राक्षं आंबट ठरवणारा आपला कोल्हा याच जातीचा.) दार्जिलिंगला दरडी कोसळल्या तेव्हा मात्र दुर्गानंद सिन्हांना अशा अफवा आढळल्या नाहीत. तिथं विध्वंस डोळ्यांपुढं होता, भीतीला वेगळं कारण नको होतं. फेस्टिंगरनं १९५७ साली यावर अख्खा सिद्धांत उभा केला.

म्हणून भ्यालेल्या माणसाला वेड्यात काढणं मला पटत नाही. त्यानं त्याची ओढाताण वाढतेच. १९९९ साली परभणीतून वेगळ्या झालेल्या हिंगोली जिल्ह्यात, वसमतकडच्या गावांना जमिनीतल्या गूढ आवाजांनी कितीतरी वेळा घराबाहेर काढलंय. २१ मार्च २०२४ च्या सकाळी तिथले धक्के परभणी-नांदेडपर्यंत पोचले. मोठा होता ४.५ चा. किल्लारीचा ६.२ धरला, तर त्यात याच्या तीनशे पटींहून अधिक ऊर्जा होती. नुसत्या "घाबरू नका"पेक्षा हा हिशेब चावडीवर सांगावा. आणि त्याच दमात, वाऱ्यानं उडू नयेत म्हणून घरावरच्या पत्र्यांवर ठेवलेले दगड उतरवून घ्यायलाही सांगावं.